दुआ आणि दर्याचा हिशेब

कोकणपट्टीतल्या आपल्या कितीतरी घरांची रोजी दर्यावर आहे. होडी वेळेवर परतली नाही की घरात मुसल्ला अंथरला जातो, दुआ सुरू होते. पण त्याच वेळी घरच्यांच्या हातात आणखी एक मोठे काम असते.

इंजिन बंद पडलेली होडी जागेवर थांबत नाही. प्रवाह तिला ओढतो, वारा ढकलतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह तर ऋतूप्रमाणे दिशा बदलतो. पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. म्हणून ती शेवटची दिसली तिथेच शोधून भागत नाही.

हैदराबादला १९९९ साली स्थापन झालेली ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था समुद्राचा अंदाज वर्तवते. गणिताच्या वहीसारखे समुद्राचे चौकोन पाडायचे, वरपासून तळापर्यंत. प्रत्येक चौकोनातले तापमान, खारटपणा आणि प्रवाहाचा वेग संगणकात मांडायचा. उपग्रह आणि तरंगत्या यंत्रांच्या मोजणीशी तो ताडून पाहायचा आणि गतीच्या नियमांनी पुढचा हिशेब करत जायचे.

कुणी हरवले की याच हिशेबावर शोध घेतात. संगणक एक नव्हे, अनेक काल्पनिक होड्या सोडतो. प्रत्येकीची जागा आणि वेळ थोडी वेगळी, कारण शेवटची खबर नेमकी नसते. त्या जिथे जास्त जमतात, तिथे आधी शोधायचे. पोहणारा माणूस, तराफा, उलटलेली होडी यांना वारा सारखा ढकलत नाही. म्हणून हरवलेल्या वस्तूचे सुमारे ६० प्रकार या प्रणालीत निवडता येतात.

पण संगणकाला पहिली माहिती माणसानेच द्यावी लागते. होडी कुठल्या प्रकारची, किती जण, कुठे निघाले, शेवटचा फोन किती वाजता? हे घरात लिहून ठेवले असेल तर शोधाचा घेर लहान होतो. उशीर झाला तर सकाळची वाट न पाहता तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे.

काहींना हे तवक्कुलविरुद्ध वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच आपली शिकवण आहे. अंदाज चुकूही शकतो. गैबचे ज्ञान अल्लाहलाच. पण कागदावर दोन ओळी लिहून ठेवणे आपल्या हातात आहे. या महिन्यात दर्यावर्दींच्या प्रत्येक घरात अम्मी-बहिणींनी तेवढे करावे.