वही पावसाळ्यात, गवंडी दिवाळीनंतर

मैत्रिणींनो, आषाढ सरत आला. आंबा घाटातून येणारं धुकं आमच्या मलकापुरात दिवसभर रस्त्यावर बसून असतं. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच, मिठाच्या बरणीला पाणी सुटलेलं, कपाटातल्या चांगल्या साड्यांना कुबट वास. अशा दिवसांत घरदुरुस्तीचा विषय कशाला काढलात, म्हणाल. पण बरं का, दुरुस्तीचं काम उन्हाळ्यात होत असलं तरी ती ठरवायची याच दिवसांत.

एप्रिलमध्ये भिंती ठणठणीत कोरड्या असतात. गवंडी येतो, ‘काही नाही वहिनी, वरनं गिलावा मारू, रंग काढू,’ म्हणतो, आणि घरची पुरुषमंडळी मान हलवतात. ओल कुठून येते ते दोघांनीही नीट पाहिलेलं नसतं. ते आपण पाहिलेलं असतं, कारण गळतीखाली पातेली मांडत फिरतो आपणच!

म्हणून एक वही करा. (मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी पानं शिवली तरी चालेल, शिक्षकी सवय, दुसरं काय!) कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर ओल, कोणत्या नक्षत्रात पहिल्यांदा दिसली, ते लिहा. भिंतीच्या माथ्याशी ओल असेल तर दोष कौलांचा नाहीतर स्लॅबचा. खाली वीत-दोन वीत लोणा धरत असेल तर पाणी जोत्यातून वर चढतंय. तिथे रंगाचे पैसे म्हणजे पाण्यातच गेले. पश्चिमेच्या भिंतीला मधोमध डाग असेल तर ती झड. आणि कपाटामागे नुसतीच काळी बुरशी असेल तर? हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. पाणी प्लॅस्टिकच्या आत साचलं तर ओल भिंतीतली. बाहेरच्या अंगाला साचलं तर ती घरातल्या हवेतली, म्हणजे स्वयंपाकाची वाफ आणि वाळत घातलेल्या कपड्यांची. तिथे गवंडी नको, वर झरोका हवा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे.

आमच्या भिशीतल्या एकीला यंदा रक्कम लागली आहे. तिला ओट्याला ग्रॅनाइट आणि मागे टाइल्स हव्यात, यजमानांना लग्नसराईआधी पुढची खोली. सासूबाई दमेकरी, आणि त्या निजतात पश्चिमेच्या खोलीत. मी तिला स्पष्ट सांगितलं, आधी ती भिंत. ओलीनं आणि बुरशीनं दमा वाढतो, हे कोणीही डॉक्टर सांगतील. ती थोडी नाराज झाली. ओट्यापाशी दिवसाचे सहा तास तीच उभी असते, तेव्हा तिचंही चूक म्हणवत नाही. पण ओटा वर्षभर थांबू शकतो.

आपल्याकडची जुनी घरं बघा. कौलं उतरती, वळचण भिंतीपासून चांगली दोन-अडीच फूट पुढे, पागोळ्या अंगणात पडतात. शहराकडचं बघून सपाट स्लॅब टाकला, छज्जे आखूड केले, की पाऊस थेट भिंतीवर. स्लॅबवर पत्र्याची शेड घालायचा विचार असेल तर परवानगीचं नगरपरिषदेत आधी विचारून घ्या, आणि पत्रा पश्चिमेला भिंतीच्या पुढे काढायला सांगा. जांभ्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीला आतून सिमेंट आणि वर ऑइलपेंट लावायचा आग्रह कोणी केला तर ऐकू नका. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, मग रंगाला फोड येतात. तिथे चुनाच बरा, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागला तरी.

क्रम असा ठेवा. दिवाळीनंतर भिंती सुकू द्या. पौष-माघात छप्पर, पन्हळी आणि घराभोवतीचं गटार. पाणी जोत्यापासून दूर गेलं पाहिजे. मग गिलावा. तो सात दिवस तरी भिजवायचा आणि पुढे महिनाभर सुकवायचा. रंग सगळ्यात शेवटी, चैत्रात, म्हणजे रोहिणी लागायच्या आत घर मोकळं. टाइल्स, ओटा, पडदे यातून उरलेल्या पैशांत.

गवंड्याला मात्र गणपतीतच सांगून ठेवा, आणि येईल तेव्हा वही त्याच्या हातात न देता स्वतः वाचून दाखवा. भिंतीवर खडूनं खुणाही आत्ताच करून ठेवा.