ताबा सत्तर टक्के

काही गोष्टी कंटाळवाण्या आहेत असं चारचौघांत म्हणायची सोय नसते. साहेबांच्या मुलीचं भरतनाट्यम, व्याह्यांनी दाखवलेला काशीयात्रेचा अल्बम आणि दोन तास चाललेला विलंबित ख्याल, या तिन्ही प्रसंगी मान डोलवत राहावी लागते. अलीकडे या यादीत चौथी भर पडली आहे, ती म्हणजे चेंडू आपल्याच ताब्यात ठेवून खेळायच्या फुटबॉलची. तो मला कंटाळवाणा वाटतो. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे आणि खाली सही करायलाही तयार आहे. सही जुळवून बघणं हाच गेली वीस वर्षं माझा धंदा आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला खेळाडू चेंडू दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा परत पहिल्याला. पहिल्याला तो नकोच असतो, म्हणून तो मागे गोलकीपरला देतो. गोलकीपर जरा विचार करतो आणि पुन्हा पहिल्याला देतो. समोरचे अकराही जण आपल्या गोलपुढे, रेशनच्या दुकानाबाहेर उभे असावेत तसे उभे. नव्वद मिनिटांनी पडद्यावर आकडा येतो : ताबा सत्तर टक्के. गोल शून्य.

मला हा खेळ नवा नाही. कर्जाची फाईल नेमकी असाच खेळ करते. पहिल्या टेबलावरून 'अभिप्रायार्थ' म्हणून दुसऱ्यावर, तिथून 'आवश्यक कार्यवाहीस्तव' तिसऱ्यावर, आणि तिथून 'पूर्तता करून पुन्हा सादर करावे' असा शेरा घेऊन परत पहिल्या टेबलावर. एकही पास चुकत नाही. ताबा म्हणाल तर शंभर टक्के! पण काउंटरपलीकडे चपला झिजवणाऱ्या गृहस्थांनी या हालचालीला 'काय सुंदर लय आहे हो' अशी दाद दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आमच्या शाखेत एक तरुण अधिकारी आहेत. वयाने धाकटे, हुद्द्याने मोठे. मी त्यांना 'साहेब' म्हणतो, ते मला 'काका' म्हणतात आणि दोघांनाही आपण जरा जास्तच दिलं असं वाटत राहतं. डबा खाताना ते मला समजावतात, "काका, तुम्ही नुसतं चेंडूकडे बघता न, तिथेच चुकतं. मोकळ्या जागेकडे बघा. तो पास कशासाठी आहे हे कळलं की मजा येते."

शिकलेल्या माणसाचा हा आवडता युक्तिवाद आहे. कंटाळा आला की दोष बघणाऱ्याचा. 'तुम्हाला कळत नाही' म्हटलं की मध्यमवर्गीय माणूस हमखास गप्प बसतो. निम्मी आधुनिक चित्रकला याच एका वाक्यावर खपली आहे. मी गप्प बसत नाही, कारण मी बी.कॉम. आहे. विद्यापीठाने मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण ताळेबंद वेगळा आणि नफातोटा पत्रक वेगळं, एवढं नक्की शिकवलं. चेंडूचा ताबा ही मालमत्ता आहे. ती ताळेबंदात लिहावी. गोल हा नफा. गोदाम भरलेलं दिसतंय म्हणजे धंदा जोरात आहे, असं समजून कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याची पुढे चौकशी लागते. फुटबॉलमध्ये मात्र त्याची वाहवा होते.

या पंथाचं काशीक्षेत्र म्हणजे स्पेन. त्यांचाच हिशेब काढू या. २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये रशियाविरुद्ध स्पेनने हजाराहून अधिक पास दिले. सामना १-१ सुटला आणि पेनल्टी किक्सवर स्पेन बाहेर. त्यांच्या नावावरचा तो एक गोलही रशियाच्याच खेळाडूने चुकून आपल्याच जाळ्यात घातलेला. २०२२ साली मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजारावर पास, पुन्हा एकशेवीस मिनिटं, ०-०, आणि पेनल्टीतही भोपळा. दोन सामने, चार तास, दोन हजारांवर पास आणि खेळ चालू असताना स्पॅनिश माणसाने मारलेले गोल शून्य. एवढ्या खटपटीनंतर खात्यात काहीच जमा नसेल तर त्याला आमच्याकडे 'बुडीत' म्हणतात.

"पण काका, २०१०चा वर्ल्ड कप स्पेनने असाच जिंकला न?" साहेब हुकमाचं पान टाकतात. जिंकला. आपल्याकडे मध्यरात्री सुरू झालेली ती फायनल मी जागून पाहिली आहे. इनिएस्ताचा गोल ११६व्या मिनिटाला झाला, आणि दुसऱ्या दिवशी शाखा वेळेवरच उघडते. स्पेनने त्या स्पर्धेत सात सामन्यांत आठ गोल केले. इतक्या कमी गोलांत तोवर कोणीच जगज्जेतं झालं नव्हतं. बाद फेरीचे चारही सामने १-०. परिणामकारक खेळ होता, शंकाच नाही. पण परिणामकारक आणि रंजक हे दोन वेगळे शब्द आहेत. एरंडेलही परिणामकारक असतं.

आणि कंटाळवाणं खेळून जिंकण्याबद्दल आम्हा नागपूरकरांना कोणी शिकवू नये. नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याच्या कसोटीत ऑस्ट्रेलिया २ बाद १८९ होती. तिसऱ्या दिवशी धोनीने ऑफला आठ माणसं लावली आणि लेगला एक. झहीर आणि इशांत ऑफ स्टंपच्या बाहेर, सासुरवाडीला जाताना राखावं तितकं अंतर राखून टाकत राहिले. उरलेल्या आठ विकेटींत ऑस्ट्रेलियाने १६६ धावा जोडल्या, सगळे ३५५त आटोपले, भारत १७२ धावांनी जिंकला आणि मालिकाही २-० अशी खिशात आली. लोकांनी जांभया दिल्या आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या. पण त्या आठ-एकला कोणी काव्य म्हटलं नाही हो! डावपेच म्हटलं आणि विषय मिटवला. माझं मागणं एवढंच आहे. एरंडेल द्या, पण श्रीखंडाच्या वाटीत देऊ नका.

शिवाय कंटाळलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने खेळाच्या कायद्यानेच निकाल दिलेला आहे. १९९०च्या वर्ल्ड कपमध्ये ५२ सामन्यांत ११५ गोल झाले, म्हणजे सामन्याला सव्वादोनाहूनही कमी. आघाडी मिळाली की चेंडू मागे गोलकीपरकडे टोलवायचा, त्याने तो छातीशी कवटाळून वेळ काढायचा, हा तेव्हाचा 'ताबा'. १९९२ साली नियम आला : आपल्या माणसाने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. आपल्या कबड्डीचंही तेच. चढाई करणारा रेषेपाशी घुटमळून हात हलवत परत यायला लागला, तेव्हा २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने ठरवलं की लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आण, नाहीतर बाद हो. साठेबाजीविरुद्ध कायदा करावा लागतो, तो धान्यातही आणि खेळातही.

आता कोणी म्हणेल, हा कारकून सरसकट सगळ्यांना झोडतो आहे. तसं नाही. सर्जिओ लोबेरा हा बार्सिलोनाच्या मुशीतला प्रशिक्षक गोव्यात आला आणि २०१७-१८च्या मोसमात एफसी गोवाने अठरा साखळी सामन्यांत ४२ गोल केले. त्यातले १८ एकट्या कोरोचे. पास तेच, ताबा तोच, पण तो बिळापाशी बसलेल्या मांजराचा ताबा. मांजर हलत नाही आणि तरीही आपली नजर हटत नाही, कारण ते झडप घालणार हे आपल्यालाही ठाऊक असतं आणि उंदरालाही. २०१९च्या फायनलमध्ये मात्र या मांजराला बीळच सापडलं नाही. बंगळूरुसाठी खेळणाऱ्या मुंबईच्या राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं लावलं आणि गोवा ०-१ हरला. २०२१ साली हेच लोबेरा मुंबई सिटीचे झाले आणि गोव्यातच, कोरोनामुळे रिकाम्या पडलेल्या फातोर्ड्यात, बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला केलेल्या गोलवर विजेते ठरले. तेव्हा माझं भांडण ताब्याशी नाही. झडपेचा विसर पडलेल्या मांजराशी आहे.

हे टीव्हीपुरतंच असतं तर मी चॅनेल बदलून मोकळा झालो असतो. पण हे लोण आता पोरांच्या मैदानावर आलं आहे. सकाळी फिरायला जातो तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांचं शिबिर चालतं. त्यात एक काडीसारखा पोरगा होता. चेंडू पायाला लागला की एकाला उजवीकडून टाके, दुसऱ्याला डावीकडून, आणि आम्ही रक्तदाबवाले काठाने चालायचं विसरून उभे राहायचो. दोघांच्या पुढे गेला की शिट्टी वाजायची. "दोन टच! पास दे! मागे दे!" महिनाभरात पोरगा सुधारला. आता चेंडू आला रे आला की बाजूच्याला देतो, सुरक्षित. पुढे बघतच नाही. एवढ्या लहान वयात इतका तयार कारकून मी आमच्या बँकेतही पाहिला नाही. कामठीत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तिथल्या मैदानाच्या काठावरून अशा वेळी "अबे, ले जा ना!" अशी आरोळी येते. प्रशिक्षणशास्त्राची सगळी पुस्तकं एका पारड्यात घाला, मी ही आरोळी दुसऱ्यात घालीन.

गंमत अशी की खुद्द स्पेनला हे उमगलं. २०२४च्या युरो स्पर्धेत त्यांनी दोन्ही कडांना यमाल आणि निको विल्यम्स ही दोन पोरं मोकळी सोडली, चेंडू घेऊन सरळ माणसाच्या अंगावर जाणारी. यमाल तर फायनलच्या आदल्या दिवशी सतरा वर्षांचा झाला. पहिल्याच सामन्यात क्रोएशियाला ३-० हरवलं तेव्हा चेंडू जास्त वेळ क्रोएशियाकडेच होता. सातही सामने जिंकले, पंधरा गोल केले, कप नेला. काशीक्षेत्राने नवस बदलला आणि आमचे इथले भगत अजून जुनीच आरती म्हणताहेत!

म्हणून माझी सूचना आहे. ताब्याची टक्केवारी पडद्यावरून काढून टाका. त्याऐवजी प्रेक्षक किती वेळा खुर्चीवरून उठला ते मोजा. चहा ठेवायला उठला असेल तर ते मात्र धरू नका.