बँकॉकचा कोड पाठ, वेरूळची पाटी कोरी

पर्यटन व्यवस्थापनाच्या पदविकेत मी विमानतळांचे कोड घोकले. बँकॉकचा कोड झोपेतही सांगेन. इंटर्नशिपमध्ये सहल घेऊन वेरूळला गेलो. सोळाव्या लेण्यापुढे एका आजींनी विचारलं, "बाळा, आधी पाया कोरला की कळस?" माझी दातखीळ बसली. कैलास वरून खाली कोरत आणलंय, हे शेवटी चहावाल्याने सांगितलं.

१९८३ पासून जागतिक वारसा असलेलं हे ठिकाण आमच्या पुस्तकात एका ओळीत संपतं. तिकीट बुकिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र अख्खं सत्र. तिकीट तर आजींचा नातूही मोबाइलवर काढतो! उरणार आहे ते दगडाची गोष्ट सांगायचं काम. तेच आम्हाला शिकवत नाहीत. फी मात्र पूर्ण घेतात.