धान्याचा ओघ व कोठीचे तोंड

पोलादी कोठी बांधावयाची म्हटली की आपली मंडळी प्रथम तिच्या उंचीचा विचार करितात. वर भार जितका अधिक तितके धान्य खालून जोराने वाहील, हा समज पाण्यापुरता खरा आहे. जान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली दाखविले की, धान्याचा पुष्कळसा भार घर्षणामुळे कोठीच्या भिंतीच उचलून धरितात. ओघ ठरतो तो तोंडाच्या रुंदीवर. ती दुप्पट केल्यास ओघ पाचपटींहून अधिक वाढतो.

फरशीवर टाकिलेला हरभरा टणकन उसळतो खरा. परंतु कोठीत दाटलेल्या दाण्याची उसळी शेजारच्या दाण्यांतच जिरते. तेथे सत्ता चालते ती घर्षणाची. धान्य ओलसर असले की तोंडावर त्याची कमान धरते व ओघ खुंटतो. मग एखादा गडी काठी घेऊन आत उतरतो! कमान मोडताच पायांखालचे धान्य सरकते. कंबरेपर्यंत रुतावयास काही क्षण पुरतात, आणि मग दोघांनी ओढूनही तो निघत नाही. अशी माणसे अनेक देशांत गुदमरून मेली आहेत.

सबब तोंड रुंद ठेवावे, मग खर्च वाढला तरी चालेल. धान्य वाळवूनच भरावे. कमान धरलीच तर ती बाहेरून लांब बांबूने मोडावी; आणि जो सभासद गडी आत उतरवील, त्यास कोठी वापरू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.