किडका दात आणि आईचं आर्तध्यान



तीन-चार वर्षांच्या मुलाचे पुढचे दात काळे पडले की घरात प्रश्न येतो तो आईलाच, "तुझं लक्ष कुठे होतं?" कोणी नाही विचारलं तरी ती स्वतःला विचारते. मग डॉक्टर रागावतील म्हणून जाणं टळतं, आणि तेवढ्यात कीड मुळापर्यंत पोहोचते.

असं मनात कुढत राहण्याला आपल्याकडे नाव आहे, आर्तध्यान. त्याने ना निर्जरा होते, ना दात वाचतो. सहा आवश्यकांत प्रतिक्रमण शेवटचं नाही, शेवटचं आहे प्रत्याख्यान. चूक पाहायची आणि पुढचा नियम घ्यायचा. अपराधी वाटणाऱ्या आईलाही हीच वाट आहे, असं मला वाटतं.

झोपेत लाळ कमी सुटते. तोंडात राहिलेल्या गोड दुधावर जंतू आम्ल तयार करतात आणि दुधाच्या दाताचं पातळ आवरण झिजतं. म्हणून नियम सोपा ठेवा. रात्री ब्रश झाला की मुलाला तिविहार, म्हणजे फक्त पाणी. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करून द्यायचा, आणि मोठ्यांत बाबाही येतात.

आपले नाशिककडचे बेदाणे पौष्टिक, पण दातांना चिकटतात. ते जेवणासोबत द्या, दिवसभर चघळायला नको. पाठशाळेत प्रभावना द्यायची असेल तर टॉफीऐवजी पेन्सिल द्या. एका आईने कितीही सांभाळलं आणि बाकी सगळ्यांनी लाडाने गोड दिलं, तर दोष तिचा एकटीचा कसा?

"दुधाचेच दात, पडणारच" हेही ऐकू नका. मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि कायमच्या दातांची जागा धरून ठेवतात. दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, आपल्या पंचवटीतही असं महाविद्यालय आहे.

आज रात्री मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहा. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग दिसला तर कीड अजून थोपवता येते. काळं दिसलं तरी रडत बसू नका, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.