चेपस्टोचा किल्ला नदीकाठून बघावा

किल्ला म्हटलं की आपली मान आपोआप ताठ होते. रायगडाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार म्हणा! पण हीच सवय घेऊन वेल्सच्या सीमेवरच्या चेपस्टोला गेलं, तर तिथला किल्ला अर्धाच कळतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण हा किल्ला तिथल्या लोकांच्या रक्षणासाठी बांधलाच नव्हता. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या विल्यम फिट्झऑसबर्न या सरदाराने वाय नदीच्या वेल्सकडच्या काठावर, चुनखडीच्या कड्यावर, याचं काम सुरू केलं. हेतू सरळ होता, वेल्श लोकांवर वचक ठेवायचा.

म्हणून तिकीट काढून आत शिरण्याआधी १८१६ सालच्या लोखंडी पुलावर जा. पुलाच्या मधोमध इंग्लंड संपून वेल्स सुरू होतं. ओहोटीला खाली नुसता चिखल. मोठ्या उधाणाला मात्र पाणी १२ मीटरच्याही वर चढतं. या भरतीबरोबर गलबतं थेट कड्याखाली यायची आणि रसद वर ओढून घेतली जायची. किल्ल्याचं अर्धं बळ या पाण्यात होतं, हे नदीकाठाने चालल्याशिवाय लक्षात येत नाही.

मग आत जा. ११९० च्या आधीचे, लोखंडी पत्रे ठोकलेले ओकचे दरवाजे बघा. १९६२ पर्यंत ते मुख्य दारालाच होते, आता आत जपून ठेवलेत. आणि मार्टेनचा बुरूज चुकवू नका. तो बांधला तेराव्या शतकाच्या शेवटी रॉजर बिगॉड या बड्या सरदाराने, पण नाव लागलं कैद्याचं! राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडावर १६४९ साली सही करणारा हेन्री मार्टेन इथे बारा वर्षं कैदेत होता आणि १६८० साली इथेच वारला. बांधणाऱ्याचं नाव पुस्तकात राहिलं, कोंडलेल्याचं दगडाला चिकटलं. मला तरी हा इतिहासाने केलेला न्याय वाटतो.

कुणी म्हणेल, सुट्टीच्या दिवशी कशाला एवढा विचार? दगड सुंदर आहेत, बघा आणि फोटो काढा. मान्य, सुंदर आहेतच. पण या किल्ल्याची देखभाल आज वेल्स सरकारचीच 'कॅडू' ही संस्था करते. या वेल्श शब्दाचा अर्थच मुळी जतन करणं. ज्यांना दाबायला किल्ला उभारला, त्यांच्याच देशाने तो सांभाळलाय. ना पाडला, ना त्याचे पोवाडे गायले. जुन्या जखमेशी वागायची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

असो. तुम्हाला काय वाटतं, जिंकणाऱ्याची खूण जपावी की पुसावी? मी तरी जपण्याच्या बाजूची. फक्त गोष्ट पूर्ण सांगावी.