उत्तरकथा कीं उधारी?

‘होकस पोकस’ ह्या अमेरिकन चित्रपटाला १९९३ सालीं प्रथम फारसा आश्रय मिळाला नाहीं. पुढें दूरचित्रवाणीनें तो घरोघर पोंचविला आणि ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला, त्या भुताखेतांच्या सणाला, आईबापांनीं मुलांसह बसून तो पाहावयाचा हा जणूं तिकडे कुळाचारच झाला. ह्या ममतेची पंचविशी साधून २०१८ सालीं ए. डब्ल्यू. जँथा ह्या नांवानें ‘होकस पोकस अँड द ऑल-न्यू सीक्वल’ हें पुस्तक बाजारांत आलें. सर्वस्वीं नव्या उत्तरकथेची ग्वाही देणाऱ्या ह्या ग्रंथाचा पूर्वभाग जुन्या चित्रपटाचीच हकीकत पुन्हां सांगण्यांत खर्ची पडला आहे! बेट मिडलरचा फणकारा ज्यानें पाहिला, त्याला तेंच सारें कागदावर किती बेचव लागावें! शिळ्या भाताला निदान फोडणी तरी देतात.

परंतु ही तक्रार किरकोळ. आमचा खरा आक्षेप असा, कीं मूळ गोष्ट कशाविषयीं होती हेंच उत्तरकथाकाराला उमगलेलें नाहीं. चेटकिणी हें निमित्त. ती गोष्ट भावाबहिणीची आहे. १६९३ च्या सेलेममध्यें थॅकरी बिंक्सला आपली धाकटी बहीण एमिली वांचवितां आली नाहीं, आणि त्या अपयशाचें ओझें तो मांजर होऊन तीनशें वर्षें वाहतो. आपल्या काळांतला मॅक्स धाकट्या डॅनीला आधीं लोढणें समजतो. शेवटीं तिच्यासाठीं आणलेला चेटकिणींचा काढा तो स्वतःच पिऊन टाकतो. त्या क्षणीं प्रेक्षक भावंडें गप्प होतात, तीं कांहीं भीतीनें नव्हे.

उत्तरकथेंत मॅक्सची मुलगी पॉपी नायिका आहे. चेटकिणी परततात, घरच्या माणसांवर संकट येतें, मित्रमैत्रिणींची धांवाधांव होते. सगळें यथासांग आहे. नाहीं तें एवढेंच: ज्या नात्यावर मूळ कथा उभी होती, त्याच्या जागीं तितक्याच मोलाचें कांहीं. पॉपीचें मन इसाबेला ह्या मैत्रिणीवर जडतें म्हणून कोणी नाक मुरडील, तर तें आम्हांस मान्य नाहीं. पुस्तकांत जिवंत धागा असेल तर तोच, पण तोही धांवपळींत गुदमरतो.

‘मुलांचें पुस्तक, त्याची इतकी चिकित्सा कशाला?’ असें म्हणणारे भेटतीलच. चित्रपटही मुलांचाच होता. त्यानें मुलांना कमी लेखलें नव्हतें. २०२२ सालीं डिस्नेनें दुसरा चित्रपट काढला, तेव्हां ह्या पुस्तकाची कथा न घेतां निराळीच रचली. ज्या कथेला पुढें धन्यानेंच हात लावला नाहीं, ती जुन्या प्रेमाच्या उधारीवर वाचकांच्या गळ्यांत कां बांधली?